मदत हवी आहे : अंब्रेला अकॅडमीचा चौथा सीझन बघू का सोडू?

मंडळी, मी सांगलीचा. भाची सुट्टीला आलीय, भडंगाचा डबा मधे ठेवून आम्ही अंब्रेला अकॅडमी या नेटफ्लिक्सवरच्या सुपरपॉवरवाल्या भावंडांच्या मालिकेचे तीन सीझन संपवले, पोरगी त्यातल्या फाइव्ह नावाच्या भावाची एवढी फॅन झालीय की घरात काळी कॉफी मागायला लागलीय आणि ताई फोनवरून मलाच झापतीय. आता २०२४ चा चौथा राहिलाय, आधीचे १०-१० भागांचे अन् हा फक्त ६ चा, ज्याला विचारावं तो म्हणतो शेवटाची पार वाट लावली, फाइव्ह आणि त्याची वहिनी लायला यांचं प्रकरण तर बघूच नकोस. हे कळलं तिथंच निम्मी मजा गेली ओ! मला तर पॉवरपेक्षा त्या सात भावंडांची भांडणंच आवडतात. तर शेवट न फोडता एवढंच सांगा, बघावा का तिसऱ्यावरच थांबावं? भाची रविवारी साताऱ्याला परत चाललीय.