कॉलेजची पोरं ग्राउंडवर का नाहीत? आळस की बस?

वाळपईचो_पोर:
काल एका ग्रुपवर कोणीतरी टाकलं, आजची पोरं आळशी, मोबाईल सोडवत नाही, ग्राउंड ओस पडलंय. डोकंच फिरलं. मी वाळपईहून रोज ताळगावला गोवा विद्यापीठात येतो, पणजीला उतरून पठारावर जायला दुसरी बस. प्रॅक्टिकल असलं की सुटायला ५ वाजतात, आणि खेळायला थांबलो न् गावची बस गेली तर पणजीत कोणाच्या तरी घरी पथारी टाकायची. घरी पोचलं की आयएसएचा, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेचा अभ्यास. बॅगेत स्टड्स, फुटबॉलचे बूट, दोन महिने तसेच आहेत, माती वाळून तळाला भुगा झालाय, परवा डबा काढला तर त्यालापण लागलेला. आता सांगा, आळस कुठे आला?

मिरामारचे_काका:
बाबू, आम्हीपण कदंबाच्या सरकारी बसला लोंबकळत कॉलेज केलं. भात कापून झालं की शेतातच बॉल, बूट कोणाकडे होते? त्या बसमध्ये दीड तास तू काय करतोस? रील्सच ना? स्क्रीन टाइम उघडून बघ, मग बसला शिव्या घाल.

बार्देशची_बाय:
काका, बसमध्ये उभं राहून फुटबॉल खेळायचा का 😄
आणि तुमच्या त्या शेतात किती मुली होत्या ते सांगा ना. आमच्या ग्राउंडवर संध्याकाळी मुलगेच, आम्ही कडेने चालायला गेलो तरी कठड्यावर बसलेले टकामका बघतात, कपडे बदलायला नीट खोली नाही, आणि तिन्हीसांजेला घरून फोन सुरू, कुठे पोचलीस गो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची आकडेवारी आहे, भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या बायका ५७ टक्के आणि पुरुष ४२. मोबाईलच कारण असेल तर तो काय बायकांच्याच हातात जास्त असतो?

हॉस्टेलवालो:
मी मार खाणार, पण बोलतो. मला बस नाही, घरचा फोन नाही, २०२३च्या राष्ट्रीय खेळांची स्टेडियमं हाकेवर, ताळगावचं इनडोअर जवळच, बांबोळीचं स्टेडियमही लांब नाही. तरी मी कॅन्टीनला अॅक्टिव्हावर जातो. चालत पाच मिनिटं लागतात हो. जून ते सप्टेंबर पाऊस म्हणून, मग ऊन म्हणून, मग परीक्षा म्हणून. आठवड्याला १५० मिनिटं नुसतं झपझप चाललं तरी पुरे म्हणतात, म्हणजे दिवसाला बावीस मिनिटंपण नाही, तेवढी माझी सेल्फी काढण्यात जातात. तेव्हा काका अगदीच चुकीचे नाहीत.

बार्देशची_बाय:
तुझा आळस तुझ्यापाशी ठेव रे, सगळ्यांच्या नावावर नको लावू. आणि स्टेडियम जवळ आहे म्हणजे गेटवरचा वॉचमन आत सोडतो असं नाही. आम्हाला दोनदा परत पाठवलं, परवानगीचं पत्र आणा म्हणाला.

मिरामारचे_काका:
पत्राचं मला ठाऊक नव्हतं बाय, हे मात्र चुकीचंच, स्टेडियमं काय उद्घाटनाला बांधतात? पण वाळपईकरा, इच्छा असली की वाट सापडते. उद्या पहाटे ६ला मिरामारला ये, आम्ही पाचजण चालतो, नंतर चहा-भजी माझ्याकडून.

वाळपईचो_पोर:
काका, ६ला मी वाळपईच्या स्टँडवर बस धरत असतो. भजी बांधून ठेवा, पणजी स्टँडवर घेतो.