मदत हवी आहे : सहकाऱ्याला काही काळ विनाशस्त्र ड्युटी कशी मिळवून द्यावी?

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात हवालदार आहे. माझे एक सहकारी गेल्या दीड महिन्यापासून पार बदलले आहेत. झोप उडाली आहे, डबा न उघडताच घरी परत जातो, आणि परवा त्यांनी भिशीचा हिशेब चुकता करून मोटारसायकलची कागदपत्रे माझ्या हाती दिली व ‘पोराला द्या’ एवढेच म्हणाले.

आत्महत्येचा विचार येतो का, असे मी त्यांना थेट विचारले (विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे). ते नाही म्हणाले नाहीत, खाली पाहत राहिले. त्या रात्री मी त्यांच्याकडेच थांबलो, वहिनींना कल्पना दिली, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर त्यांचे बोलणे करून दिले आणि उद्या त्यांना संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेत आहे; तोवर त्यांना एकटे सोडणार नाही.

रजा सुचवू नये, कारण घरी दिवसभर कोणीच नसते. खरी काळजी सोमवारपासूनच्या गार्ड ड्युटीची आहे, कारण तिथे शस्त्र हाती येईल. साहेबांना मी उद्याच सांगणार आहे; मात्र आजाराचा बोभाटा होऊन ‘कमजोर’ असा शिक्का बसला, तर ते उपचारच सोडतील. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे, पण ठाण्यात तो पाळायचा कसा?

ज्यांनी असे प्रकरण हाताळले आहे त्यांनी सांगावे : आजाराचे नाव न लिहिता, केवळ ‘विनाशस्त्र काम द्यावे’ एवढ्या वैद्यकीय शिफारशीवर ड्युटी बदलून मिळते का, आणि डॉक्टरांकडून नेमके कोणते शब्द लिहून घ्यावेत?