रंग उडालेल्या गाडीला पहिला नंबर?

ए ४०२: हा फोटो बघा मंडळी. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या गाड्यांच्या शोमध्ये २०२४ ला बेस्ट ऑफ शो म्हणजे पहिलं बक्षीस मिळालेली गाडी, १९३४ ची बुगाटी टाईप ५९. रंगाला तडे गेलेत, शेजारच्या चकाचक गाड्यांचे मालक हात चोळत बसले. परीक्षकांना चष्मा लागलाय का

सी ७०१: दादा तीच तर मजा आहे 😄 हा शो १९५० पासून चालू आहे आणि रिस्टोअर म्हणजे पुन्हा नव्यासारखी न करता नुसती जपलेली गाडी पहिल्यांदाच टॉपला आली. अशा गाड्यांचा प्रिझर्व्हेशन क्लास वेगळा असतो पण मोठं बक्षीस तिकडे कधी गेलंच नव्हतं

बी १०३: अरे सुरुवातीला तर तिथे नव्या गाड्याच जिंकायच्या! १९५५ ला फिल हिलची १९३१ ची पिअर्स ॲरो जिंकली, तिथून जुन्या गाड्यांचे दिवस आले. तोच हा फिल हिल, १९६१ चा फॉर्म्युला वन चॅम्पियन

ए ४०२: काका कबूल, पण ज्याने वर्षानुवर्षं खपून एकेक स्क्रू जागेवर आणला त्याने काय करायचं

सी ७०१: मेहनत आहेच रे. पण काही जण अति करतात, कारखान्यातून निघताना गाडी जेवढी चकचकीत नव्हती तेवढी करून आणतात, दरवाजाच्या फटीसुद्धा केसभर इकडे तिकडे नाहीत, तेव्हा कारखान्यात कुणाला एवढा वेळ होता? आणि रंग काय कधीही देता येतो, खरवडून टाकलेला मूळ रंग आणि सीटची मूळ शिवण कुठून आणणार

डी ५०४: मला ते हिरवळीवर उभं करून बघणंच पटत नाही, गाडी पळायला हवी. इंग्लंडमधली लंडन ते ब्रायटन रॅली बघा, १९०५ च्या आधीच्याच गाड्या, साठेक मैल, पाऊस आला तर बऱ्याच जणांच्या डोक्यावर छप्पर नाही, तरी जातात. १८९६ ला तिकडे ताशी ४ मैलांची मर्यादा वाढवली त्या आनंदात पहिल्यांदा निघाले होते म्हणे, ४ मैल म्हणजे चालतच जा की

बी १०३: इंग्लंडमधलंच गुडवूड रिव्हायवल पण बघ. १९६६ ला रेस बंद झालेला ट्रॅक, १९९८ पासून तिथे जुन्या गाड्या खऱ्याखुऱ्या रेस लावतात, बघणारे कपडे पण त्या काळचे घालून येतात

सी ७०१: पेबल बीचला पण शोच्या आधी रस्त्यावरची टूर असते हां, मार्क सारखे पडले तर टूर पुरी केलेल्या गाडीला झुकतं माप

ए २०१: तुमचं चालू दे, मला एक सांगा. सासऱ्यांची गाडी कव्हरखाली पडून आहे, मुलगा म्हणतो लाल रंग मारू आणि म्युझिक सिस्टीम बसवू. बसवू दे का

सी ७०१: काकू थांबवा त्याला!! आधी इंजिन नंबर आणि चासी नंबर कागदांशी जुळतात का बघायला सांगा. रंगाला हात लावू नका, आणि काढलेले पार्ट तुटके असले तरी भंगारात द्यायचे नाहीत, नवीन बनवताना नमुना म्हणून लागतात

बी १०३: चालू करायच्या आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा आणि रबरी पाईप बदला. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं, पाईप गळला तर आग लागायची भीती

ए २०१: बरं. आणि म्युझिक सिस्टीम?

सी ७०१: डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही बास. ब्लूटूथ स्पीकर ठेव म्हणावं मागच्या सीटवर

ए ४०२: काकू आधी कव्हर काढून फोटो टाका