मदत हवी आहे: अकिनफेन्वाच्या सुरुवातीच्या वर्षांची माहिती

नमस्कार मंडळी, इथे इंग्लंडच्या फुटबॉलची खालची लीग फॉलो करणारं कोणी आहे का? मी स्ट्रायकर आदेबायो अकिनफेन्वावर मराठीत एक मोठा लेख लिहितोय. शेवटची वर्षं सगळ्यांना माहितीयत, २०१५ ला एएफसी विम्बल्डनकडून लिव्हरपूलला मारलेला गोल, २०१६ ला वेम्बलीवर प्लेऑफ (वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीच्या मॅच) फायनलची पेनल्टी आणि मॅचनंतर कॅमेऱ्यासमोर "मला व्हॉट्सअ‍ॅप करा" म्हणून मॅनेजर लोकांना केलेलं आवाहन, कारण क्लबने त्याला सोडलेलं होतं. मग वायकॉम्ब क्लब, आणि त्यांच्यासोबत २०२० ला थेट चॅम्पियनशिप, म्हणजे इंग्लंडची दुसऱ्या नंबरची लीग.

मला अडतंय ते आधीचं. लिथुआनियात खेळून आला, वेल्समध्ये बॅरी टाऊनला गेला, तिथे क्लबचाच पैसा संपला आणि मग २००३-०४ च्या एकाच सीझनमध्ये बॉस्टन, लेटन ओरिएंट, रश्डन, डॉनकास्टर असे चार इंग्लिश क्लब! हे कसं जमायचं? महिन्या-महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट असायचं का, आणि पगार, राहायची सोय कोण बघायचं? एवढा धडधाकट स्ट्रायकर, पाठीने डिफेंडर अडवून बॉल छातीवर घेणारा, तरी कोणी ठेवून घेत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे स्वान्सी क्लबकडून २००६ ची फुटबॉल लीग ट्रॉफीची फायनल त्याच्याच गोलने जिंकली, त्याच सीझनला प्लेऑफ फायनलच्या शूटआऊटमध्ये त्याची पेनल्टी हुकली. या दोन्ही मॅचचं पूर्ण फुटेज कुठे मिळेल? यूकेत राहणाऱ्यांनी लोकल पेपरचं अर्काइव्ह कसं बघायचं तेवढं सांगा प्लीज, लायब्ररीत जावं लागत असेल तर तसंही सांगा.