घरच्या सिंगल फेजवर वेल्डिंग मशीन, वायर आणि एमसीबी कोणता टाकू?

राम राम मंडळी. गाव यावल तालुक्यातलं, शेती केळीची. ट्रॉलीचा फाळका, वखराची पास, गोठ्याचं गेट, काहीही मोडलं की तालुक्याला न्यायचं आणि अर्धा दिवस घालवायचा. म्हणून इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं. नावाला २०० अँपिअर, पाटीवर इनपुट ३१ अँपिअर.

मीटर घरापुढे, काम मागच्या शेडात. मधली ३० मीटर वायर दीड एमएमची, बाबांनी बल्बासाठी ओढलेली. बारा नंबरचा (बारीक) रॉड ८० अँपिअरवर कसाबसा चालतो. दहा नंबर (जाड) लावून ११० केलं की दोन-तीन रॉड होत नाहीत तोच १६ चा एमसीबी पडतो. संध्याकाळी रॉड नुसता चिकटतो. वेल्डिंग चालू असताना सॉकेटवर मल्टीमीटर लावला तर १८५ व्होल्ट. परवा प्लगच्या पिनेला हात लावला नि चटकाच बसला.

वायरमन म्हणतो, ३२ चा एमसीबी टाक, झालं. मला पटत नाही. मळ्यात थ्री फेज आहे, पण ती पंपाची, तिला हात लावणार नाही. काय करू भो?

उत्तर: भाऊ, नाही पटलं तेच बरं. एमसीबी वायरला वाचवायला असतो. दीड एमएमवर ३२ चा टाकला तर तो पडायचा थांबेल आणि वायर भाजेल. दीड एमएम तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला १२ ओहम. जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ०.७ ओहम. मशीनने २२ अँपिअर ओढले की पंधरा व्होल्ट वायरीतच गेले. सहा एमएममध्ये तेच चार. तेव्हा मीटरपासून सहा एमएमची वेगळी लाईन, सी टाईप (चालू होतानाचा झटका सोसणारा) ३२ चा एमसीबी, ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट. अर्थिंग आहे ना? पत्र्याच्या शेडात त्याशिवाय मशीन लावूच नका, सोबत आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) घ्या. बिलावरचा मंजूर भारही बघा.

पण १८५ चा सगळा दोष वायरीचा नाही. मशीन बंद ठेवून मीटरपाशी मोजा.

धागाकर्ता: मोजलं दादा. संध्याकाळी २०४, सकाळी सातला २२८. मंजूर भार १ किलोवॅट निघाला, वाढवायचा अर्ज करतो. अर्थिंगच्या नावाने एक गंजलेला खिळा आहे!

उत्तर: मग अर्थिंगचा खड्डा आधी, वायर नंतर. आणि काम सकाळीच उरका. मशीनची ड्युटी सायकल (दर दहा मिनिटांत किती मिनिटं वेल्डिंग करता येतं ते) ४० अंशांवर धरलेली असते, आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सावलीतच ४४. बारा नंबरनेच दोन फेरे मारले तरी वखर धरतो.