मुलीसाठी दुर्मीळ, पण खात्रीच्या अर्थाचे नाव सुचवावे

गोदातीर (नाशिक):
नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे मुलगी झाली. बाराव्या दिवशी बाळ काविळीमुळे रुग्णालयातच होते, म्हणून बारसे आता पुढच्या महिन्यात करायचे ठरले आहे. जन्मनक्षत्र कृत्तिका, चरण पहिले, त्यामुळे गुरुजींनी 'अ' हे अक्षर काढून दिले. पण नाव त्याच अक्षरावरून हवे असा आमचा आग्रह नाही. नणंदबाईंनी 'अनाया' सुचवले आहे आणि एका संकेतस्थळावर त्याचा अर्थ 'देवीची कृपा' असा दिलेला आहे. मात्र आमच्या इमारतीतच त्या नावाच्या दोन मुली आहेत. सासूबाईंना सहज हाक मारता येईल, लिहिताना घोटाळा होणार नाही आणि पुढे लेकीने अर्थ विचारला तर न चाचरता सांगता येईल, असे नाव कृपया सुचवावे.

शब्दशोध:
ताई, अभिनंदन. 'अनाया'चा तो अर्थ मला कोणत्याही संस्कृत कोशात सापडलेला नाही. संस्कृतात 'अनया' असे रूप आहे, पण ते 'इदम्' या सर्वनामाच्या स्त्रीलिंगी तृतीयेचे एकवचन आहे आणि त्याचा अर्थ 'हिने' एवढाच होतो. 'अनय' म्हणजे तर अनीती. अरबीतले 'इनाया' म्हणजे काळजी, जपणूक. ते सुंदर नाव आहे, पण ते वेगळे. याद्यांमध्ये अर्थ असे बेधडक छापले जातात, याचे मला फार वाईट वाटते, कारण ते मूल तो अर्थ जन्मभर खरा मानून चालते.

आपली मुलगी कृत्तिकेवर जन्मली आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तैत्तिरीय संहितेत कृत्तिकांची सात नावे आली आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आणि चुपुणीका. त्यांतली अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती ही तीन एका दमात म्हणून पाहा. आभाळ भरून आणणारी, मेघ जमवणारी, पाऊस पाडणारी. तीन शब्दांत पावसाळा अंगणात येतो. 'अभ्रयंती' आपल्या अक्षरावरही बसते आणि नक्षत्रावरही.

ऋग्वेदातल्या ऋषिकांची नावे घेताना मात्र प्रत्येकाचा अर्थ आधी पाहावा. पाचव्या मंडलातले अठ्ठाविसावे सूक्त जिच्या नावावर आहे ती विश्ववारा म्हणजे सर्वांना हवीशी वाटणारी, हे नाव निःशंक ठेवावे. पण 'अपाला' म्हणजे जिला कोणी रक्षणकर्ता नाही अशी, आणि 'रोमशा' म्हणजे अंगावर दाट केस असलेली.

हजेरीपट:
मी शिक्षिका आहे आणि माझे स्वतःचे नाव ऋजुता, म्हणजे सरळपणा. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ते 'रुजुता' असे पडले, पुढच्या एका कागदावर रोमन लिपीत 'आर'नंतर 'आय' आला आणि दुसऱ्यावर 'यू' आला. ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्यासाठी मला प्रतिज्ञापत्र करावे लागले आणि दोन महिने खेटे घालावे लागले. म्हणून माझी विनंती आहे की 'ऋ', 'ज्ञ', 'क्ष' असलेले नाव आवडले, तर त्याचे रोमन लेखन पहिल्याच दिवशी ठरवून सगळीकडे तेच द्यावे.

नावाची घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव त्या नोंदीत नंतरही घालता येते: १२ महिन्यांपर्यंत शुल्क न भरता आणि त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

लेणीवाट:
आपण नाशिकच्या आहात, तर नाव आपल्या गावाच्या डोंगरातच कोरलेले आहे. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला प्राकृत लेख आहे. ते लेणे भिक्षुसंघाला दान देणाऱ्या राणीचे नाव गौतमी बलश्री. ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई. सत्यवचन, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली, असे तिचे वर्णन त्या लेखात आहे. ओसरीच्या भिंतीवरची ती अक्षरे मी तिरप्या उन्हात पाहिली आहेत. खाचांत सावली भरली की ब्राह्मी वळणे एकेक करून उठून दिसू लागतात.

'बलश्री' म्हणजे बळ आणि श्री एकत्र. मुलींच्या नावांत आपण कोमलता, सुगंध, चंद्र हेच शोधत राहतो; बळ फारसे कोणी देत नाही, म्हणून हे नाव मला मोलाचे वाटते. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आधी आईचे नाव लागते. आईच्या नावाने ओळखल्या गेलेल्या राजाच्या आईचे नाव आपल्या लेकीला द्यावे आणि त्यापुढे आपले नाव यावे, हे मला फार शोभून दिसते. जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या लेखाशी जोडलेली सातवाहन राणी नागनिकाही आहे, पण आपल्यासाठी मी बलश्रीच सुचवेन.

गोदातीर:
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सर्व नावे कागदावर लिहून सासूबाईंना वाचायला दिली. 'अभ्रयंती'पाशी त्या दोनदा अडखळल्या, पण अर्थ ऐकल्यावर हे नाव सोडू नका असे त्यांनीच सांगितले. पत्रिकेत नावरस नाव म्हणून अभ्रयंती राहील आणि व्यवहारात बलश्री. नणंदबाईंना मी शब्दशोध यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. कानात कोणते नाव सांगायचे हे आता त्यांना पाठ झाले आहे. ऋजुताताई, रोमन अक्षरे जन्मनोंदीच्या अर्जासोबतच लिहून ठेवली आहेत.