किडनी बदललीय, दाताचं इम्प्लांट करू का?

देवगडकर:
2021 मध्ये किडनी बदलली, आईची बसवलीय. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.3 च्या आसपास. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड चालू. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा गेल्यात. काढघालीची कवळी आहे, पण तिची तार हिरडीला लागते, तोंड येतं आणि लवकर बरं होत नाही. बांगडासुद्धा डावीकडूनच चावतो. इथले डेंटिस्ट इम्प्लांट करूया म्हणतात. घरी मात्र नन्नाचा पाढा: हाडात स्क्रू घातला आणि पू झाला तर आईच्या किडनीचं काय? कोणी केलंय का?

चिपळूणची ताई:
मी केलंय, माझीही किडनीच. इम्प्लांटचं काही वाटलं नाही. मनस्ताप झाला तो त्याआधी, दाढ काढली तेव्हा. त्या दवाखान्यात डायक्लोफिनॅक आणि क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. माझी फाईल टेबलावर होती, उघडलीच नाही! नशीब, आमच्या मेडिकलवाल्याने अडवलं. पहिली गोळी किडनीला वाईट, दुसरीने टॅक्रोलिमस रक्तात चढतं. आता चिठ्ठीचा फोटो नेफ्रोलॉजिस्टकडे (किडनीच्या डॉक्टरांकडे) पाठवल्याशिवाय मी गोळी तोंडात घालत नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. आणि हो, गणपतीत माटवीचं (मूर्तीवर टांगतात त्या फळांतलं) पपनस कोणी प्रेमाने सोलून दिलं तरी नको म्हणा, त्यानेही टॅक्रोलिमस चढतं. विषयांतर झालं, पण आपल्याकडे सांगावं लागतं.

दातवाला रत्नागिरी:
बंदी नाही. ट्रान्सप्लांटनंतरचे पहिले 6 महिने आम्ही तातडीचं सोडून काही करत नाही. तुमचा तो काळ कधीच संपला. अशा रुग्णांवर जे थोडे अभ्यास झालेत, त्यांत इम्प्लांट चांगले टिकलेत, पण रुग्ण मोजकेच होते. आधी हिरड्या साफ हव्यात. मिशरी किंवा तंबाखू असेल तर ती सोडल्याशिवाय मी तरी हात लावणार नाही. शुगर तपासा, स्टेरॉइडने वाढते. अँटिबायोटिक द्यायचं का आणि कुठलं, हे नेफ्रोलॉजिस्टना विचारूनच. हाडात स्क्रू धरायला 3 ते 6 महिने लागतात, स्क्रूवरचा दात त्यानंतर. आणि हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनेट किंवा डेनोसुमॅब कधी घेतलंय का?

वेंगुर्ल्याचा बाबी:
ब्रिज करा की, बाजूच्या दातांवर टेकवलेले पक्के दात! कशाला हाडात शिरायचं?

दातवाला रत्नागिरी:
बाबी, दाढांच्या मागेही दात असेल तर ब्रिज. शेवटच्याच गेल्या असतील तर टेकवणार कशावर? शिवाय ब्रिजसाठी बाजूचे चांगले दात घासावे लागतात.

देवगडकर:
शेवटच्याच गेल्यात. डॉक्टर, झोलेड्रोनेट म्हणजे वर्षातून एकदा सलाईनमधून देतात तेच ना? गेल्या वर्षी दिलं होतं, हाडं ठिसूळ झाली म्हणून. डेंटिस्टना सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

दातवाला रत्नागिरी:
तेच. मग आता थांबा. त्या औषधानंतर जबड्यात काम केलं तर क्वचित हाड उघडं पडतं, भरता भरत नाही. स्टेरॉइड चालू असेल तर धोका आणखी. तुमचे डेंटिस्ट आणि नेफ्रोलॉजिस्ट, दोघांना आधी एकमेकांशी फोनवर बोलू दे. तोवर कवळीची तार वाकवून घ्या, खुर्चीवर बसल्या बसल्या होतं.